वर्तुळातील शिरोरेषा : गोल बिल्ल्यावर मराठी मजकूर बसवण्याचा एक पाठ

गोल बिल्ला ही तशी किरकोळ वस्तू. संमेलनाला किंवा २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला तो छातीवर लावायचा आणि संध्याकाळी टेबलाच्या खणात टाकून द्यायचा. भाषेच्या अभ्यासकाने त्याच्यावर लेख लिहावा असे त्यात काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, देवनागरीची घडण सरळ ओळीत जितकी लपून राहते तितकी ती कमानीत लपत नाही. सरळ ओळीत वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसे जुळवायचे, डोक्यावरची रेघ कशी अखंड ठेवायची हे सगळे संगणक आपल्या नकळत करून टाकतो. तीच ओळ वर्तुळावर वाकवली की ही कामे एकेक करून उघडी पडतात. मी द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गाला लिपीचा भाग शिकवताना गेली काही वर्षे बिल्ल्याचा स्वाध्याय देते, तो याच कारणाने.

दुसरे कारण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांपुरते आहे. बडोद्यात बिल्ला छापून देणारा माणूस बहुधा गुजराती लिहिणारा असतो. बेळगावकडे त्याची सवय कन्नडची, हैदराबादेत तेलुगूची. या तीनही लिप्यांत एका अक्षराला दुसऱ्याशी जोडणारी अखंड शिरोरेषा नाही. गुजरातीने तर देवनागरीशी जवळचे नाते असूनही ती सोडूनच दिली आहे. अशा लिपीतली अक्षरे वर्तुळावर एकेक करून तिरकी ठेवत गेले, तरी काही बिघडत नाही. दोन अक्षरांमध्ये फट पडली तर ती फट म्हणूनच वाचली जाते, जशी ती रोमनमध्येही वाचली जाते. या छपाईवाल्यांजवळचे तयार गोल नमुने अशाच लिप्यांच्या हिशेबाने बेतलेले असतात. त्यांत मराठी ओतली की रेघ तुटते. एकदा एका दुकानात पडद्यावरच्या मजकुराकडे पाहत तिथल्या मुलाने मला विचारले होते, ‘‘बेन, आ लीटी केम तूटे छे?’’ त्याला दोष दिसला होता, ही मोठीच गोष्ट. पुष्कळदा तो आपल्यालाही दिसत नाही.

रेघ तुटली तर एवढे काय झाले, असे म्हणणारे भेटतात. जाहिरातींत शिरोरेषा मुद्दाम गाळलेली देवनागरी आपण वाचतोच की. पण सगळी रेघ गाळणे वेगळे आणि ती हवी तिथे तुटणे किंवा नको तिथे जुळणे वेगळे. देवनागरीत रेघेतला खंड हा अर्थ वाहणारा आहे. घ आणि ध, म आणि भ या जोड्या आठवाव्यात. लहान आकारात यांच्यातला फरक मुख्यतः डाव्या बाजूला रेघ आहे की नाही एवढ्यावर येऊन ठेपतो. म्हणून बिल्ल्यावर रेघेशी झालेली हयगय केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

माझ्या पाहण्यातला एक नमुना असा होता : वरच्या कमानीत महाविद्यालयाचे नाव इंग्रजीत, खालच्या कमानीत ‘मराठी विभाग’. आपल्याकडच्या द्विभाषिक बिल्ल्यांची ही नेहमीचीच मांडणी. खालच्या कमानीतल्या अक्षरांची डोकी वर्तुळाच्या आतल्या बाजूला असतात, म्हणजे शिरोरेषा लहान वर्तुळावर येते. तिथे ती दाटते, आणि मागच्या अक्षराची रेघ पुढच्या अक्षरावर सरकते. ‘वि’ची रेघ सरकून ‘भा’च्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेवर आली आणि शब्द झाला ‘विमाग’. स्पेलिंगची चूक कोणीच केली नव्हती. टंकलेला मजकूर तपासला असता तर त्यात दोष सापडलाच नसता. ‘सभा’चे ‘समा’ आणि ‘प्रबोधन’चे ‘प्रबोघन’ याच वाटेने होते.

हे का घडते ते आकड्यांनी पाहू. बिल्ल्यांचा एक रुळलेला आकार ५८ मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्रिज्या २९. कडेला २ मिलिमीटर मोकळे सोडले, पुढचे २ वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार यांच्यासाठी ठेवले, तर वरच्या कमानीत शिरोरेषा २५ मिलिमीटर त्रिज्येवर येते. अक्षराची उंची ५ धरली तर त्याचे पाय २० त्रिज्येवर टेकतात, आणि त्याखाली उकारांसाठी आणखी २ लागतात. आता २० त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १२६ मिलिमीटर आहे आणि २५ त्रिज्येच्या वर्तुळाचा सुमारे १५७. बहुतेक सॉफ्टवेअर अक्षरांची रुंदी पायाच्या रेषेवर मोजते, कारण ते रोमनसाठी बनले आहे आणि रोमन अक्षरे पायावर उभी असतात. पायाशी अक्षरे चिकटून बसली तर डोक्याशी चौथा हिस्सा जागा जास्त उरते, आणि ती दर दोन अक्षरांमधल्या फटीत वाटली जाते. खालच्या कमानीत नेमके उलट होते : पाय २५ वर आणि डोके २० वर, त्यामुळे रेघेला पाचवा हिस्सा जागा कमी पडते.

रोमन अक्षर जमिनीवर उभे असते, आपले अक्षर दोरीवर टांगलेले असते. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. बाराखडी गिरवताना आपण रेघ शेवटी देतो एवढाच फरक. तेव्हा वर्तुळावर मराठी बसवताना मोजमाप पायाशी घ्यायचे नाही, रेघेशी घ्यायचे. ज्या वर्तुळावर मजकूर चढवायचा ते शिरोरेषेच्या त्रिज्येचे काढावे, आणि मग अक्षरे त्या वर्तुळाखाली उतरवावीत. वरच्या कमानीत यामुळे पाय थोडे जवळ येतात, खालच्या कमानीत ते फाकतात. दोन्ही डोळ्यांना खपते, कारण पायाशी देवनागरीत जुळणी नसते. अडचण होते ती फक्त दोन उकार शेजारी आले तर.

फोटोशॉप, इंकस्केप किंवा कोरलड्रॉ यांपैकी काहीही वापरले तरी ही युक्ती चालते. फोटोशॉपमध्ये वर्तुळाच्या मार्गावर मजकूर लिहून झाला की कॅरेक्टर पॅनेलमधल्या ‘बेसलाईन शिफ्ट’ला उणे किंमत द्यायची. इंकस्केपमध्ये मजकूर आणि वर्तुळ दोन्ही निवडून ‘पुट ऑन पाथ’ करायचे आणि मग मजकूर निवडून ऑल्ट आणि बाणाच्या कळीने तो खाली सरकवायचा. मार्ग रेघेजवळ असल्याने रेघेचे तुकडे टोकाला टोक लागून बसतात. प्रत्येक तुकडा स्वतः सरळच राहतो हे खरे, पण त्याने फारसे बिघडत नाही. २५ मिलिमीटर त्रिज्येवर ५ मिलिमीटर रुंदीच्या अक्षराची सरळ रेघ खऱ्या कमानीपासून मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढीच दूर जाते. डोळ्याला खुपते ती फट, सरळपणा नव्हे. ‘क्ष्म’सारखे रुंद जोडाक्षर असेल तर मात्र कोपरा जाणवतो. तिथे शब्दापुरती एक बारीक कमान, रेघेच्याच जाडीची, वरून काढून घ्यावी. थ, ध, भ आणि श यांच्या डोक्यावरून ती फिरवायची नाही, हे मुलींना मी दरवेळी बजावते आणि दरवेळी कोणी तरी फिरवतेच.

आता गिंप. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घालायला परवानगीचा प्रश्न येत नाही, म्हणून वर्गात मी तेच वापरते. बिल्ल्याचा दर्शनी भाग ५८ मिलिमीटर असला तरी कागद मागे दुमडला जातो, म्हणून कापायचे वर्तुळ मोठे असते. ते साधारण ७० मिलिमीटर धरावे आणि आपल्या छपाईवाल्याच्या यंत्राला किती लागते ते आधी विचारून घ्यावे. इंचाला ३०० ठिपके या घनतेने ७० मिलिमीटरचे ८२७ ठिपके होतात. शक्य असेल तर दुप्पट घनता घ्यावी, देवनागरीतले बारीक भाग त्यात वाचतात. लंबवर्तुळाचे निवड-साधन घेऊन त्याचे प्रमाण एकास एक असे पक्के करावे, मध्यापासून वाढवत वर्तुळ काढावे आणि ‘सिलेक्ट’ यादीतून ‘टू पाथ’ करावे. मग मजकुराच्या साधनाने शब्द लिहायचे. इथे एक खिडकी सहसा कोणी उघडत नाही : साधनाच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ असा रकाना आहे, तिथे मराठी निवडावी. नोटो सान्स देवनागरीसारखे टंक त्यावरून ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची काढतात, नाही तर हिंदी वळणाची येतात. टिरो देवनागरी मराठी या टंकात ती मुळातच मराठी वळणाची आहेत.

मजकुरावर उजवी कळ दाबून ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ निवडले की शब्दांची बाह्यरेषा वर्तुळावर वाकून नवा मार्ग म्हणून उमटते. त्या मार्गाची निवड करून ती रंगाने भरायची. गिंपची तऱ्हा इतरांहून वेगळी आहे ती इथे. ते अक्षर तिरके करून ठेवत नाही, अक्षरालाच वाकवते. शिरोरेषा त्यामुळे खरोखरीची कमान होते, तुटत नाही. किंमत अशी की वरच्या कमानीत अक्षरे पंख्यासारखी पसरतात आणि खालच्या कमानीत डोक्याशी आवळतात. वर्तुळ मोठे असेल तर हे लक्षातही येत नाही, लहान असेल तर ‘ठ’ची गोलाई भोपळ्यासारखी होते. मजकुराची सुरुवात वर्तुळावरच्या ज्या बिंदूपासून होते तो आपल्याला हवा तिथे नसतो, म्हणून तयार झालेला मार्ग रोटेटच्या साधनाने फिरवून मधोमध आणावा लागतो. खालच्या कमानीसाठी मूळ वर्तुळ आधी उलटवावे लागते, म्हणजे मार्गाची दिशा घड्याळाच्या विरुद्ध होते आणि अक्षरांची डोकी आत येतात. मार्ग अक्षराच्या नेमक्या कोणत्या उंचीवरून जातो ते एखादा लहान शब्द घालून आधी पाहून घ्यावे आणि मगच त्रिज्या ठरवावी.

इंकस्केपमध्येही असे वाकवणे जमते. मजकुराचे मार्गात रूपांतर करायचे, सगळे तुकडे ‘युनियन’ने एक करायचे आणि ‘पॅटर्न अलाँग पाथ’ हा परिणाम लावायचा. युनियन विसरले तर काही होत नाही आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. माझे मत विचाराल तर लहान बिल्ल्यावर तिरकी अक्षरे आणि रेघेवरचे मोजमाप, आणि सभागृहाच्या फलकावरच्या मोठ्या वर्तुळावर वाकवलेली अक्षरे, असे ठेवावे.

रेघ सांभाळली तरी अक्षर सांभाळायचे राहते, आणि भाषेच्या वर्गात माझा अधिक वेळ तिथेच जातो. आपण ‘महाराष्ट्र’ लिहितो तेव्हा आपल्या लेखी त्यात चार अक्षरे असतात : म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या लेखी तिथे दहा चिन्हे आहेत, कारण काने आणि पाय मोडण्याच्या खुणाही वेगळ्या मोजल्या जातात. मुलांना मी हा शब्द टंकायला लावते आणि मागे पुसायची कळ एकेकदा दाबायला सांगते. ‘ष्ट्र’ एका दाबात जात नाही. आधी र जातो, मग ट मोडका राहतो, मग सरळ होतो, असे करत करत ष उरतो. चिन्हे कोणत्या क्रमाने साठवली आहेत ते असे हाताला कळते. ‘दिन’मधली पहिली वेलांटी आपण द च्या आधी पाहतो, पण संगणक ती द च्या नंतर साठवतो आणि दाखवताना पुढे आणतो.

ही पुढे-मागे करण्याची व्यवस्था ज्या सॉफ्टवेअरमध्ये बंद असते तिथे वर्तुळावर मोडतोड होते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्राधान्यक्रमांच्या ‘टाईप’ विभागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडलेला नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे सुटतात. त्यांतल्या पुढच्या काही आवृत्त्यांत त्याच पर्यायाला ‘वर्ल्ड-रेडी’ म्हटले होते. त्याहून कठीण प्रकार जुन्या, युनिकोडपूर्व टंकांचा. आपल्या अनेक छपाईवाल्यांची मराठी आजही त्यांच्यावरच चालते. त्यांत काना, वेलांटी, मात्रा हे प्रत्येकी स्वतंत्र अक्षर म्हणून ठेवलेले असतात. सरळ ओळीत ते शेजारी छापले गेले की डोळ्याला अक्षर दिसते. वर्तुळावर मात्र सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा वेगळा फिरवते. काना आपल्या व्यंजनापासून कलतो, वेलांटीची कमान टोकाशी सुटते. यावर उपाय एकच : मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, किंवा जुना टंक वापरायचाच असेल तर आधी त्याचे मार्गात रूपांतर करून, एकेका अक्षराचे तुकडे गटात बांधून, मग वर्तुळावर हाताने बसवावेत. वेळ लागतो, पण वर्षभर वापरायच्या बिल्ल्यासाठी तो द्यावा.

आणखी एक सवय मोडून काढायला हवी. मजकूर कमानीला पुरला नाही की दुकानात अक्षरांमधले अंतर वाढवतात. रोमनमध्ये हे शोभते, बिल्ल्यावर तर विशेष शोभते. मराठीत शब्दाच्या आत अंतर वाढवले की रेघ जागोजाग तुटते आणि एका शब्दाचे चार शब्द होतात. अंतर वाढवायचे ते दोन शब्दांमध्ये, आणि तेही बेताने. तरी जागा उरली तर दोन्ही टोकांना ठिपका, फूल, दिवा असे काही घालावे. ‘मराठी वाङ्मय मंडळ’ हा मजकूर नऊ अक्षरांचा. दर अक्षराला ६ मिलिमीटर आणि दोन मोकळ्या जागांना ३-३ धरले तर ६० मिलिमीटर होतात, आणि २५ त्रिज्येच्या रेघेवर ते सुमारे १३७ अंश व्यापतात. अर्ध्या वर्तुळापेक्षा हे कमी आहे, आणि कमीच चांगले. १८० अंशांच्या पलीकडे गेलेली कमान वाचायला मान वळवावी लागते.

याच मजकुरात ‘वाङ्मय’ आहे, आणि तो शब्द बिल्ल्यावर जितका चुकतो तितका दुसरा कुठलाही चुकत नाही. ङ ऐवजी ड चा पाय मोडून ‘वाड्मय’ लिहिलेले मी छापील पत्रिकांवर, फलकांवर आणि स्मृतिचिन्हांवर पाहिले आहे. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांना घरी मराठी आणि शाळेत दुसरी भाषा असते. त्यांनी ङ हे अक्षर स्वतंत्रपणे कधी लिहिलेले नसते, मग कळफलकावर ते कुठे आहे ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. इनस्क्रिप्टमध्ये ते ह च्या कळीवर, शिफ्ट दाबून मिळते. नीट टंकले तरी धोका टळत नाही : ५ मिलिमीटरच्या अक्षरात ङ चे टिंब इतके लहान होते की शाईत बुजते किंवा उमटतच नाही, आणि बरोबर लिहिलेला शब्दही चुकीचा दिसतो. कोणी सुचवतात की मग ‘साहित्य मंडळ’ म्हणावे. एका टिंबासाठी संस्थेचे नाव बदलणे मला पटत नाही. टंक थोडा जाड घ्यावा, अक्षर अर्ध्या मिलिमीटरने वाढवावे, मधले चित्र लहान करावे.

चित्राला इतकी जागा लागतेच कशाला, हाही एक प्रश्न आहे. पेन, दौत, पुस्तक, उगवता सूर्य आणि ज्योत हे पाचही एकाच बिल्ल्यात कोंबलेले मी पाहिले आहेत.

मजकूर कुठे ठेवायचा, हा निर्णय आपण सहसा छपाईवाल्यावर सोडतो. द्विभाषिक बिल्ल्यात मराठी खाली जाते, आणि खालची कमानच देवनागरीला अधिक कठीण आहे हे वर पाहिले. रोमन मोठ्या अक्षरांना वेलांटी नाही, उकार नाही, त्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात ती पट्टा भरून बसतात. मराठी अक्षराला वर-खाली जागा सोडावी लागते आणि ते त्याच पट्ट्यात लहान दिसते. एकच मापाचा पट्टा दोन्ही भाषांना दिला की समान वागणूक दिल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात मराठी बारीक होते. म्हणून मराठी वर आणि इतर लिपी खाली ठेवावी. संस्थेचे नियम तसे करू देत नसतील तर मराठी मधोमध सरळ ओळीत घ्यावी. सरळ ओळ ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

वर्तुळातली देवनागरी आपल्याला नवीनही नाही. बडोद्याच्या तिसऱ्या सयाजीरावांच्या काळातला, यंत्रावर पाडलेला रुपया ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो भिंगाखाली धरावा. महाराजांच्या मुखवट्याभोवती देवनागरी अक्षरे कमानीत बसवलेली आहेत. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या तांब्याच्या नाण्यांवरही अशी मांडणी आढळते. रेघ कुठे अखंड ठेवली आहे, शब्द कुठे तोडला आहे, रफारासाठी काठाशी किती जागा सोडली आहे हे त्यावर बोट ठेवून पाहता येते. वर्गात मी अशा नाण्यांची मोठी केलेली छायाचित्रे दाखवते आणि मग मुलांना त्यांचे बिल्ले शेजारी ठेवायला सांगते. तुलना करून बोलायला त्यांना माझी गरज पडत नाही.

शेवटी छपाईला देण्याआधीची कामे. पडद्यावर मोठे करून पाहिलेला बिल्ला नेहमी चांगला दिसतो, म्हणून तो खऱ्या मापाने कागदावर छापून घ्यावा, गोल कापावा आणि ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला हातभर अंतरावरून वाचायला द्यावा. भ, ध, ङ आणि रफार यांच्यावर त्याचा डोळा अडखळतो का ते पाहावे. दुकानात देताना सगळ्या अक्षरांचे मार्गात रूपांतर करून पीडीएफ द्यावी, म्हणजे तिथल्या संगणकावर आपला टंक नसला तरी अक्षरे बदलणार नाहीत. आणि मजकूर एका कागदावर सुवाच्य हाताने लिहून फाईलबरोबर द्यावा. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी त्या कागदावर ‘मंडळ’मधल्या ळ खाली एक रेघ ओढावी. तिकडे दुकानदार तो सद्भावनेने सुधारून ‘मंडल’ करण्याचा संभव असतो.